बरणीखालचा पुरावा

आमच्या आणि मामींच्या घरामधली भिंत कमरेएवढी आहे. हैदराबादच्या काचीगुड्यात अशा भिंती आता मोजक्याच राहिल्यात. बाकीच्या घरांच्या जागी अपार्टमेंटं आली, भिंतींवर काचा आल्या, काचांवर कॅमेरे आले. आमची भिंत मात्र जशीच्या तशी. सकाळी तिच्यावर मामींच्या पापडांचं ताट, दुपारी कुणाची तरी मांजर, आणि साडेचारला चहा झाला की आम्ही दोघी, अलीकडे मी आणि पलीकडे मामी.

परवा मामी चार वाजताच हजर.

"अगं, पोरगी सकाळपासून रडायलीय फोनवर."

पोरगी म्हणजे मामींची भाची, नांदेडची. नवरा-बायको दोघंही गच्चीबावलीला कंप्युटरवाले. दोन वर्षांपूर्वी मियापूरच्या पलीकडे त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हा मामींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पेढ्यांसोबत माहितीपत्रकही फिरवलं होतं, ते मला चांगलं आठवतं. गुळगुळीत कागद, निळंशार तळं, तळ्याकाठी क्लबहाउस आणि पोहण्याच्या तलावाशी एक गोरी बाई पुस्तक वाचत बसलेली. मामी तेव्हा म्हणाल्या होत्या, "ह्या बाईसकट देणारेत का?"

"आता काय झालं मामी? तळं नाही का तिथं?"

"आहे ना! तळं आहे, चांगलं भलंमोठं आहे. जरा जास्तच जवळ आहे, एवढंच."

झालं असं, की पावसाळ्यात सर्व्हेवाले आले, मोजणी केली आणि क्लबहाउसच्या मोकळ्या जागेत खांब रोवून निघून गेले. इमारत कशीबशी रेषेच्या बाहेर राहिली. क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, मुलांची बाग, सगळं आत. म्हणजे ते आता होत नाही. बिल्डरचा माणूस गोड आवाजात सांगतो, "मॅडम, फेज टूमध्ये बघू." आणि राहायला जाऊन आठ महिने झाले तरी ऑक्युपन्सी सर्टिफिकेटचा, ज्याला इथं सगळे 'ओसी' म्हणतात, पत्ता नाही.

"आणि ते हायड्रा येईल म्हणून धास्तावलीय ती. मला आधी वाटलं, हायड्रा म्हणजे ती क्रेन असते ना रस्त्यावर, ती."

मामींचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही, कारण हे खातं येतं तेव्हा यंत्रं घेऊनच येतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं ते काढलं, आपत्ती निवारण आणि सरकारी मालमत्तेचं रक्षण करायला. महिन्याभरात, २४ ऑगस्टला, माधापूरच्या तम्मिडीकुंटा तळ्याकाठचं नागार्जुनाचं एन कन्व्हेन्शन सेंटर त्यांनी पाडलं आणि अख्खं शहर टीव्हीपुढं बसलं. सिनेनटाचं पडतं तर आपलं काय, हा प्रश्न त्या दिवशी घराघरात विचारला गेला. तोवर 'एफटीएल' हा शब्द फक्त इंजिनियर लोकांना ठाऊक होता. तळं काठोकाठ भरलं की पाणी जिथवर पोचतं ती रेषा म्हणजे एफटीएल. तिच्या पुढं आणखी पट्टा मोकळा सोडायचा: तळं दहा हेक्टरच्या वरचं असेल तर तीस मीटर, लहान असेल तर नऊ. आता भाजीवालीसुद्धा विचारते, "अम्मा, तुमचं घर बफरमध्ये नाही ना?"

तळी बुजवून घरं बांधायची ही आपल्या शहराची जुनीच खोड. मासाब टँक म्हणतो आपण. टँक कुठं आहे? वकीलकाकांच्या आजीनं १९०८ च्या सप्टेंबरातला मुसीचा पूर पाहिला होता. अफझलगंजला दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर दीडशेएक माणसं चढून वाचली, ही गोष्ट काका दर पावसाळ्यात सांगतात. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, १९२० मध्ये उस्मानसागर झाला, १९२७ मध्ये हिमायतसागर. पाणी अडवायला तेव्हा एवढा खटाटोप केला, आणि नंतर पाण्याच्याच जागा एसएफटीच्या, म्हणजे चौरस फुटाच्या, भावानं विकायला काढल्या. असो.

काकांचं नाव काढलं आणि काका आलेच. समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात, चाळीस वर्षं नामपल्लीच्या कोर्टात वकिली करून आता निवृत्त. येतात कढीपत्ता न्यायला, जातात तासाभरानं.

मामींनी त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, रडण्यासकट. काका कढीपत्त्याची काडी हातात फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, "वहिनी, आधी एक सांगा. फ्लॅट बिल्डरकडून घेतला, की आधीच्या कुणा मालकाकडून?"

"त्यानं काय फरक पडतो भावजी? फसवलं ते फसवलं."

"फसवलं ते एकच. पण दार वेगळं असतं. चुकीच्या दारात दोन वर्षं उभं राहिलं की बरोबरचं दार बंद झालेलं असतं."

"बिल्डरकडून."

"मग रेरा, बिल्डरांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण. ते माहितीपत्रक आहे का, दोन वर्षांपूर्वी तुम्ही मिरवलं होतं ते?"

मामी माझ्याकडे बघायला लागल्या, मी मांजराकडे.

"कशाला हवंय ते?" मामींनी जरा दबकतच विचारलं.

काकांनी भिंतीवर नीट बैठक मारली. २०१६ च्या रेरा कायद्याचं बारावं कलम, म्हणाले, ह्याच कागदासाठी आहे. जाहिरात, माहितीपत्रक, दाखवायला सजवून ठेवलेला नमुना फ्लॅट, ह्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरनं भरपाई द्यायची. आणि घेणाऱ्याला व्यवहारातूनच बाहेर पडायचं असेल तर भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत. तेलंगणाच्या नियमात व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सगळ्यात वरच्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा, दोन टक्के जास्त आहे.

"म्हणजे घर सोडायचं?" मामींचा चेहरा पडला. "गृहप्रवेशाला मी चांदीचा कलश दिलाय."

"सोडायलाच पाहिजे असं नाही. घर ठेवा आणि भरपाई मागा. फक्त काय हवंय ते आधी ठरवा, कारण खिडक्या दोन आहेत. पैसे परत आणि व्याज हवं असेल तर प्राधिकरण ऐकतं. नुकसानभरपाईचा आकडा ठरवायचा असेल तर न्यायनिर्णय अधिकारी. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये ते स्पष्ट करून टाकलंय. लोक एकाच अर्जात सगळं कोंबतात आणि मग तारखा मोजत बसतात."

"पण ती तर किल्ली घेऊन राहायला गेली. बिल्डरचा माणूस म्हणतो, ताबा घेतला म्हणजे तुम्ही सगळं मान्य केलं."

इथं काका पहिल्यांदा हसले. बंगळुरूच्या बेगूरची गोष्ट सांगितली. तिथल्या तीनशेवर फ्लॅटवाल्यांचं हेच भांडण सुप्रीम कोर्टात गेलं होतं: उशीर झाला, कबूल केलेल्या सोयी दिल्या नाहीत, आणि बिल्डर म्हणतो ताबा घेतलात, खरेदीखत केलंत, आता कसली तक्रार. ऑगस्ट २०२० मध्ये कोर्टानं सांगितलं, माणसानं डोक्यावर छप्पर घेतलं म्हणून त्याचा भरपाईचा हक्क जात नाही. क्लबहाउस देतो म्हणून सांगून दिलं नाही, तर तीही सेवेतली त्रुटीच.

"आणि ओसी?"

"त्यासाठी आपल्या मुंबईकरांचे आभार माना. समृद्धी नावाची सोसायटी. ओसी नाही म्हणून पालिकेनं त्यांच्याकडून घरपट्टी पंचवीस टक्के आणि पाणीपट्टी पन्नास टक्के जास्त घेतली, वर्षानुवर्षं. ग्राहक आयोगानं मुदत संपली म्हणून हाकलून दिलं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं, ओसी मिळवून देणं हे बिल्डरचं काम, आणि जोवर तो देत नाही तोवर चूक रोज नव्यानं घडते आहे. मुदत संपली कुठं?"

मी म्हटलं, "काका, ग्राहक आयोगात जायचं की रेरात?"

"दोन्ही उघडी आहेत, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच सांगितलंय. पण एका वेळी एकीकडे जावं. फ्लॅट केवढ्याचा?"

"पंच्याऐंशी लाख," मामी म्हणाल्या. आकडा सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली आला, कारण मांजरापलीकडे आमची कामवालीही ऐकत होती.

"म्हणजे राज्य आयोग. पन्नास लाखांपर्यंत भरले असतील तर जिल्हा, दोन कोटींपर्यंत राज्य, त्यावर दिल्ली. मुदत दोन वर्षं. मी तर म्हणेन, क्लबहाउससाठी रेराच बरा. तिथं बिल्डरचे मंजूर नकाशे आधीच जमा असतात. जाहिरातीतलं क्लबहाउस मंजूर नकाशात होतं का, एवढं बघितलं की अर्धी केस उभी राहते. होतं आणि बांधलं नाही, तर चौदावं कलम. नव्हतंच आणि छापलं, तर बारावं."

हे मला फार पटलं. इतकी वर्षं मला वाटायचं फसवणूक सिद्ध करायची म्हणजे मोठे डाव उघडे पाडायचे. इथं दोन कागद शेजारी ठेवायचे: एक रंगीत, एक निळ्या रेघांचा.

मग काकांनी आणखी एक विचारलं, जे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. "फ्लॅट गहाणातला तर नाही ना?"

हैदराबादेत मोठी इमारत बांधायला परवानगी देताना पालिका बांधकामाचा दहा टक्के भाग स्वतःकडे गहाण लिहून घेते. नकाशाप्रमाणे बांधलं, ओसी घेतली, की तो भाग सुटतो. नाहीतर नाही. आता हा दहा टक्के भाग म्हणजे कुठले तरी खरेखुरे फ्लॅट असतात, नंबर असलेले. काही बहाद्दर तेच फ्लॅट थोडे स्वस्त लावून विकून मोकळे होतात. घेणारा खुश, की शेजाऱ्यापेक्षा दोन लाख कमी पडले. काकांच्या मते ज्या फ्लॅटचा भाव विनाकारण कमी, त्याचा ईसी आधी बघावा, म्हणजे भारमुक्ततेचा दाखला. गहाणखत नोंदवलेलं असतं, ते त्यात दिसतं.

"पोरीचा कुठल्या मजल्यावर आहे?"

"नवव्या. आणि भाव जास्तच लावला त्यांनी, तळं दिसतं म्हणून."

"मग बरं आहे," काका म्हणाले. ह्या 'बरं आहे'चा मामींना राग आला असावा, पण चहा आला आणि विषय पुढं सरकला.

चहासोबत एसएफटीचा हिशेबही निघाला. विकताना चौदाशे पंच्याऐंशी सांगितले, घरात टेप लावली तर हजारावर थोडे. उरलेले कुठं गेले? जिन्यात, लिफ्टपुढच्या मोकळ्या जागेत, बाहेरच्या भिंतीत आणि विकणाऱ्याच्या तोंडात. रेरात चटई क्षेत्राची व्याख्या सरळ लिहिली आहे: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडून आतलं वापरायचं क्षेत्र, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून. करारात तोच आकडा लागतो. पण आपण विचारतो 'किती एसएफटी', आणि तो सांगतो मोठा आकडा, दोघंही खुशीत.

"रेराचा नंबर होता हो त्यांचा," मामी मध्येच म्हणाल्या. "जावईबापूंनी बघूनच घेतला. नंबर असून असं कसं?"

काकांआधी मीच बोलले, कारण डोंबिवलीचं प्रकरण मी रोज पेपरात वाचत होते. तिथं पासष्ट इमारती पालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून उभ्या राहिल्या, त्याच कागदांवर महारेराचे नंबरही मिळवले, आणि लोकांनी नंबर बघून घरं घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्या पाडायचा आदेश दिला तेव्हा आत माणसं राहत होती, कर्जाचे हप्ते चालू होते. नंबर म्हणजे देवाचा कौल नव्हे. परवानगीचा कागद पालिकेत जाऊन पडताळावा लागतो, तळ्याची रेषा एचएमडीएच्या, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाच्या, तळ्यांच्या नकाशात बघावी लागते.

"आणि नंबर नसेल तर तिकडं फिरकूच नका," काका म्हणाले. "प्री-लाँच! निम्म्या किमतीत फ्लॅट, सगळे पैसे आधी. आमीनपूरचं साहितीचं प्रकरण आठवतंय ना? परवानग्या हातात नसताना पैसे गोळा केल्याचा आरोप, डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना अटक, मग २०२४ मध्ये ईडीनं पुन्हा अटक. लोक अजून खेटे घालतायत. नोंदणीशिवाय जाहिरात करायची नाही, विकायचं नाही, आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया घ्यायचा नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. लिहिलेलं असतं हो. आपण भावाकडे बघत असतो."

एवढ्यात मामींना कोपऱ्यावरचं पिवळं घर आठवलं. गप्पांमध्ये एकाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशिवाय पुरं होत नाही. त्या घराचा वरचा मजला एका नव्या कुटुंबानं जुन्या मालकाकडून घेतला. दिवाळीत भिंतींना नवा रंग होता, जूनमध्ये रंगातून ओल उतरली, आणि जुलैत कोर्टाची नोटीस: मालकाच्या बहिणीनं वाटणीचा दावा लावलाय, तोही विक्रीच्या आधीचा.

"त्यांनी रेरात जावं ना मग?"

"नाही वहिनी. हेच मघाशी म्हणत होतो. घरमालकानं आपलं राहतं घर विकलं, तिथं रेरा नाही. तिथं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम पंचावन्न. विकणाऱ्याला जो दोष माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे, मग तो भिंतीतला असो की मालकीतला. लपवला तर ती लबाडीच धरतात. आणि १८७२ च्या करार कायद्यानं असा करार रद्द करून मागता येतो, किंवा ठेवून नुकसान मागता येतं. दिवाणी कोर्ट. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं."

"साधी काळजी म्हणजे किती?"

हा प्रश्न मामींनी इतका सरळ विचारला की काका क्षणभर थांबले. "ती खरी मेख आहे. ओल रंगाखाली होती, ती दिसली नाही हे कोर्ट ऐकेल. पण छत गळतंय हे पायऱ्या चढतानाच दिसत होतं, तर न्यायाधीश विचारतील, तुम्ही वर बघितलं नाही का? बहिणीच्या दाव्याचंही तसंच. ईसीत फक्त नोंदणी कचेरीत गेलेले दस्त दिसतात, कोर्टातला दावा दिसेलच असं नाही. घरात किती भावंडं आहेत हे विचारायला हवं होतं."

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का!" मामी म्हणाल्या. "त्या बहिणीचं लग्न मी जमवलंय."

ह्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही. खरं होतं ते. त्या कुटुंबानं बँकेच्या वकिलाला बारा हजार रुपये दिले होते. मामींकडून फुकट कळलं असतं.

पोलिसांत जावं का, ह्यावर काकांचं मत थंड होतं. फसवणुकीचं चारशेवीस आता नव्या संहितेत तीनशे अठरा झालंय, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पैसे घेतानाच मनात खोट होती हे दाखवावं लागतं. ठाण्यात बहुतेक वेळा 'हे दिवाणी आहे' म्हणून चहा पाजून परत पाठवतात. एकच फ्लॅट दोघांना विकला, खोटा शिक्का मारला, अशा ठिकाणी मात्र जावंच. आणि रेरात जिंकलं म्हणजे पैसे हातात आले असंही नाही. बिल्डरनं नाही भरले तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते, ती कलेक्टरच्या कचेरीतून जाते, आणि त्या कचेरीच्या पायऱ्या काकांनी भरपूर झिजवल्यात. पण एकटीनं भांडण्यापेक्षा सगळ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून जावं. एकाला फेज टूचं गाजर दाखवता येतं, ऐंशी जणांना अवघड जातं.

"भाचीला सांगा, तीन गोष्टी आजच्या आज करायच्या. सेल्सच्या माणसाचे सगळे मेसेज जपायचे, फोन बदलला तरी. ते खांब तारखेसकट फोटोत घ्यायचे. आणि ते माहितीपत्रक. कुठंय ते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मामी आत गेल्या. फडताळ उघडल्याचा आवाज आला, मग बरण्या सरकवल्याचा. परत आल्या त्या पदरानं कागद पुसत. कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी दीड वर्ष त्याच्यावर उभी होती. कागद चांगला जाड होता, म्हणून घातला होता, म्हणाल्या. तेलाचा गोल डाग बरोबर पोहण्याच्या तलावावर पडला होता, आणि पुस्तक वाचणारी बाई मोहरीच्या तेलात बुडालेली.

काकांनी चष्मा वर करून मागचं पान वाचलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, चित्रं केवळ कल्पना येण्यासाठी.

"संपलं का मग?" मामींनी विचारलं.

"बाई कल्पनेतली असेल, झाडं कल्पनेतली असतील. पण इथं क्लबहाउस एवढे हजार एसएफटी आणि अमुक महिन्यात देऊ, असं आकड्यांत छापलंय. आकडा कल्पनेतला कसा म्हणणार? मी तरी म्हणू देणार नाही."

"डाग चालतो?"

"डाग चालतो. फाटलेलं नको."

शनिवारी भाची आणि जावई आले. मजल्यामजल्यावरून बावीस जणांच्या सह्या गोळा करून आणल्या होत्या, बाकीचे बघू म्हणालेत. रेराच्या अर्जाला जोडायचे कागद काकांनी स्वतः लावून दिले: विक्रीचा करार, पावत्या, मंजूर नकाशाची प्रत, खांबांचे फोटो. सगळ्यांच्या वर, पारदर्शक पिशवीत, जोडपत्र क्रमांक १. मामींच्या बरण्यांखाली आता जुन्या कॅलेंडरचं पान आहे.